यकृताचे विकार आणि क्ष-किरणांची नवी दृष्टी

मराठी माणूस काळीज हा शब्द फार सढळपणे वापरतो. भीतीने काळजात धस्स होते, दुःखाने काळीज फाटते, आवडत्या लेकराला काळजाचा तुकडा म्हणतात. या सर्व ठिकाणी बोलणाऱ्याच्या मनात हृदय असते. वस्तुतः काळीज म्हणजे यकृत. उजवीकडच्या खालच्या बरगड्यांआड, श्वासपटलाला लागून वसलेला, सुमारे दीड किलो वजनाचा तांबूस तपकिरी अवयव. हृदयाच्या धडधडीकडे लक्ष सहज जाते. यकृत मुकाट्याने काम करीत राहते. अन्नातून आलेली साखर साठवावी व गरजेप्रमाणे सोडावी, रक्त गोठण्यास लागणारी प्रथिने घडवावीत, पित्त स्रवावे, मद्याचे व औषधांचे विघटन करावे, ही सारी कामे तेथे अहोरात्र चालतात. त्याच्या आतील पेशींना वेदना कळत नाही. दुखते ते बाहेरचे आवरण ताणले गेले म्हणजे. म्हणून विकार वर्षानुवर्षे वाढत गेला तरी रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. पायांना सूज, पोटात पाणी, डोळ्यांत पिवळेपणा किंवा एकाएकी रक्ताची उलटी, यांपैकी काही दिसले की तो डॉक्टरांकडे धावतो. तोवर विकाराने पुष्कळ मजल मारलेली असते.

अशा अबोल अवयवाचे अंतरंग त्याला इजा न करता कसे पाहावे, हा वैद्यकशास्त्रापुढील जुना प्रश्न आहे. क्ष-किरणांचा शोध लागून शंभर वर्षे होत आली, तरी या प्रश्नापुरते ते जवळजवळ मुकेच होते. गेल्या तीस वर्षांत मात्र त्यांना नवी दृष्टी लाभली आहे. ती कोणती, तिने यकृतात काय दिसते आणि रुग्णाला तिचा लाभ कितपत, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम यकृताची रचना ध्यानात घेतली पाहिजे. कारण यकृताचा दीर्घ विकार हा मुळात रचनेचाच विकार आहे. बहुतेक अवयवांना शुद्ध रक्त रोहिणीतून मिळते. यकृताला दोन वाटांनी रक्त येते. सुमारे एक चतुर्थांश रक्त रोहिणीतून येते आणि उरलेले तीन चतुर्थांश आतड्यांकडून व प्लीहेकडून एका मोठ्या शिरेने येते. जेवणातून रक्तात मिसळलेले सारे काही प्रथम याच शिरेने यकृताच्या दारी हजर होते. फ्रान्सिस किअर्नन या इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञाने १८३३ साली दाखवून दिले की यकृत लहान लहान खंडिकांचे बनलेले असते. प्रत्येक खंडिका एखाद-दोन मिलिमीटर रुंद आणि साधारण षट्कोनी असते. मधमाशांच्या पोळ्याची आठवण व्हावी अशी. षट्कोनाच्या कोपऱ्यांशी रक्त आणणाऱ्या व पित्त नेणाऱ्या नळ्यांचे झुबके असतात आणि मध्यभागी रक्त वाहून नेणारी शीर असते. कोपऱ्यापासून मध्यापर्यंत रक्त ज्या अरुंद वाटांनी झिरपते, त्यांची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास भरते. या वाटांच्या भिंतींना बारीक छिद्रे असतात. त्यांतून रक्तद्रव पेशींपर्यंत पोचतो आणि देवघेव होते.

या भिंतींच्या मागे, पेशींच्या आणि रक्ताच्या मधल्या फटीत, ताऱ्यासारख्या आकाराच्या काही पेशी असतात. निरोगी अवस्थेत त्या अ जीवनसत्त्वाचा साठा बाळगून स्वस्थ बसतात. यकृताला इजा झाली की त्या जाग्या होतात आणि कोलॅजेन नावाचे चिवट तंतू विणू लागतात. त्वचेवरील जखम ज्या तंतूंनी भरून येते, तेच हे तंतू. इजा एकदाच झाली तर वण तात्पुरता राहतो व विरघळतो. परंतु ब किंवा क प्रकारच्या काविळीचे विषाणू ठाण मांडून बसले, मद्यपान रोजचे झाले, किंवा लठ्ठपणा व मधुमेह यांमुळे यकृतात चरबी साठून दाह होऊ लागला, म्हणजे विणकाम थांबत नाही. तंतूंचे पट्टे एका झुबक्यापासून दुसऱ्या झुबक्यापर्यंत आणि तेथून मधल्या शिरेपर्यंत पसरतात. पट्ट्यांच्या कचाट्यात सापडलेल्या पेशी वेड्यावाकड्या वाढून गाठी होतात. ही शेवटची अवस्था म्हणजे सिऱ्होसिस. छातीची तपासणी करण्याची नळी प्रथम बनविणारा फ्रेंच डॉक्टर लाएनेक याने १८१९ साली हे नाव दिले. गाठींचा पिवळसर तपकिरी रंग पाहून त्याने ग्रीक भाषेतील त्या रंगाचा शब्द घेतला.

सिऱ्होसिसमधील खरे संकट रक्ताच्या वाटांचे आहे. एखाद्या जुन्या पेठेत जागोजाग भिंती उभ्या राहाव्यात, बोळ बुजावेत आणि रहदारीने भलतीकडूनच वळसे घ्यावेत, तसा प्रकार यकृतात घडतो. आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला पुढे जाण्यास जागा उरत नाही. मागच्या शिरेत दाब वाढतो. प्लीहा फुगते, पोटात पाणी साठून जलोदर होतो. अन्ननलिकेच्या तळाशी असलेल्या शिरा फुगून फुटल्या तर रक्तस्राव होतो आणि तो प्राणांतिक ठरू शकतो. काही रक्त नव्या आडवाटांनी यकृताच्या पेशींना न भेटताच पुढे निघून जाते. मग त्यातील विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोचतात आणि रुग्णाला भ्रम होतो. अशा यकृतात कर्करोगाचा धोकाही वाढतो.

एके काळी हा वण कायमचाच समजला जाई. आज ती समजूत मागे पडली आहे. विषाणूंवर परिणामकारक औषधे आली, क प्रकारच्या विषाणूचा तर काही आठवड्यांच्या गोळ्यांनी संपूर्ण नायनाट होऊ लागला, आणि त्यानंतर पुष्कळ रुग्णांच्या यकृतातील तंतू ओसरताना आढळले. मद्य सोडलेल्यांत व वजन पुरेसे उतरविलेल्यांतही असे घडते. परंतु सर्वांच्याच बाबतीत घडते असे नाही. काहींचे यकृत पूर्वपदावर येते. काहींत वण पातळ झाला तरी रक्ताच्या वाटा मोडलेल्याच राहतात. म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी जाणून घ्याव्या लागतात. वण किती झाला, ही एक. त्याने मूळ बांधणी कितपत मोडली, ही दुसरी. औषध केव्हा द्यावे, कर्करोगासाठी पाळत ठेवावी की नाही, यकृतारोपणाचा विचार करावा का, हे सारे या उत्तरांवर अवलंबून असते.

ही उत्तरे आजवर मुख्यतः सुईने दिली. जर्मनीत पॉल एर्लिख यांनी १८८३ साली सुईने यकृताचा अंश काढून तपासला. इटलीतील मेंगिनी यांनी १९५८ साली अशी रीत प्रसिद्ध केली की सुई यकृतात जेमतेम एक सेकंद राहावी. त्यानंतर ही तपासणी जगभर रूढ झाली. काढलेल्या तुकड्याचे पातळ काप करून, त्यांना रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि शून्यापासून चारपर्यंत श्रेणी देतात. शून्य म्हणजे वण नाही. चार म्हणजे सिऱ्होसिस. रीत उपयुक्त आहे, परंतु तिची मर्यादा मोठी आहे. तो तुकडा संपूर्ण यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग असतो, आणि वण सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क प्रकारच्या दीर्घ काविळीच्या १२४ रुग्णांच्या यकृताच्या उजव्या व डाव्या अशा दोन्ही भागांतून तुकडे घेतले होते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत दोन तुकड्यांची श्रेणी जुळली नाही. अठरा जणांत एका बाजूला सिऱ्होसिस ठरला, तर दुसऱ्या बाजूला त्याच्या अलीकडची पायरी. म्हणजे सुई कोणत्या बाजूने शिरली यावर निदान बदलले. त्यात रक्तस्रावाचा थोडा धोका आणि रुग्णाची भीती मिळवली म्हणजे अडचण पुरी होते.

सुई टाळण्यासाठी दुसरे उपाय निघाले आहेत. रक्ततपासणीतील काही आकड्यांवरून अंदाज बांधता येतो. यकृतातून एक हलका धक्का पाठवून, तो किती वेगाने पसरतो हे ध्वनिलहरींनी मोजून, यकृत किती कडक झाले आहे ते सांगणारे यंत्र या शतकाच्या आरंभापासून वापरात आले. हे उपाय निर्धोक आहेत आणि मोठ्या इस्पितळांत रोज उपयोगी पडतात. तथापि ते शेवटी एक आकडा देतात. घर किती जुने झाले ते आकड्यावरून कळेल. कोणती तुळई मोडली ते कळणार नाही.

मग क्ष-किरणांनी हे दाखवू नये काय? विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्ग येथे हे किरण ओळखले आणि त्याच डिसेंबरात आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. हाडे आणि अंगठी त्यात स्पष्ट दिसली. मांस मात्र पुसट सावलीसारखे उमटले. यातच सारे मर्म आहे. क्ष-किरणांचे चित्र ही एक सावली असते. हाडांतील कॅल्शियम हे किरण पुष्कळ शोषते, म्हणून सावली गडद पडते. यकृताच्या पेशी, रक्त, पित्त आणि वणाचे तंतू ही सारी कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा हलक्या मूलद्रव्यांची बनलेली. त्यांचे शोषण जवळजवळ सारखे. सावलीत सावली मिसळावी तसे ते एकमेकांत मिसळून जातात. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले आणि सावल्या एकीवर एक पडण्याचा दोष दूर केला. शिरेतून आयोडीनयुक्त द्रव सोडून मोठ्या रक्तवाहिन्या व गाठी त्यात उठून दिसतात. परंतु इस्पितळातील या यंत्राला सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या खालचे बारकावे पकडता येत नाहीत. तंतूंचे पट्टे आणि रक्ताच्या सूक्ष्म वाटा त्याच्या नजरेतून निसटतात.

क्ष-किरणांचा दुसरा एक गुण मात्र दीर्घ काळ प्रतिमेसाठी वापरलाच गेला नव्हता. १९१२ साली माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून म्युनिक येथे झालेल्या प्रयोगाने सिद्ध झाले की क्ष-किरण हे तरंग आहेत. तरंग पदार्थातून जाताना काही अंशी शोषला जातो; पण जो शोषला जात नाही, त्याच्या लयीतही फरक पडतो. तरंगाच्या चढउताराच्या स्थितीला पदार्थविज्ञानात कला म्हणतात. पंढरीच्या वाटेवर दोन दिंड्या पावलाला पाऊल लावून निघाल्या. एक मोकळ्या रस्त्याने गेली, दुसरी नदीच्या उतारातून. पलीकडे दोहोंतील माणसे तितकीच भरली, परंतु पावले जुळेनाशी झाली. माणसे मोजणारा म्हणेल, वाटेत काही फरक नव्हता. पावले पाहणाऱ्याला नदी कळेल. शोषण मोजणे म्हणजे माणसे मोजणे; कला मोजणे म्हणजे पावले पाहणे. हलक्या मूलद्रव्यांच्या बाबतीत क्ष-किरणांच्या कलेत पडणारा फरक त्यांच्या शोषणाच्या तुलनेत सुमारे हजारपट प्रभावी असतो. जेथे सावली मुकी, तेथे कला बोलू शकते.

दृश्य प्रकाशाच्या बाबतीत ही युक्ती हॉलंडमधील फ्रिट्स झेर्निके यांनी सूक्ष्मदर्शकात आणली आणि त्याबद्दल १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रंग न देता जिवंत पेशी पाहता येऊ लागल्या. क्ष-किरणांच्या बाबतीत हे काम अवघड होते, कारण त्यांची तरंगलांबी अणूच्या आकाराइतकी सूक्ष्म. १९६५ साली अमेरिकेत बोन्से आणि हार्ट यांनी सिलिकॉनच्या एकाच स्फटिकातून तीन पातळ पाती कोरून काढली. पहिले पाते किरणाचे दोन भाग करी; त्यांतील एकाच्या वाटेत वस्तू ठेवीत; शेवटी दोन्ही भाग एकत्र आणीत आणि त्यांची पावले कोठे जुळतात, कोठे चुकतात, हे पट्ट्यांच्या रूपाने दिसे. या यंत्राला तोडीचा किरणस्रोत मात्र इस्पितळातल्या नळीत नव्हता.

तो मिळाला सिंक्रोट्रॉनमधून. सिंक्रोट्रॉन म्हणजे एक मोठे वर्तुळाकार यंत्र. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि चुंबकांनी वळविले की वळणावर तीव्र किरण बाहेर फेकतात. त्यांतून हव्या त्या एकाच तरंगलांबीचे क्ष-किरण निवडून घेता येतात आणि ते फारसे न पसरता दूरवर सरळ जातात. जपानमधील हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेतील आत्सुशी मोमोसे आणि सुकुबा विद्यापीठातील डॉक्टर यांनी अशा किरणांवर बोन्से-हार्ट पद्धतीने त्रिमितीय छेदचित्रे घेतली आणि १९९६ साली ती प्रसिद्ध केली. त्यांनी निवडलेला नमुना होता सशाच्या यकृताचा, कर्करोग झालेला. कोणताही रंग वा आयोडीन न वापरता रोगट भाग निरोगी भागापासून वेगळा दिसला. या नव्या दृष्टीचा आरंभीचा एक मोठा पुरावा यकृतानेच दिला.

त्याच सुमारास याहून सोपी वाट सापडली. उन्हाळ्यात स्वच्छ पाण्याच्या हौदाकडे पाहिले तर श्रोत्यांना ती सहज समजेल. पाणी पारदर्शक, त्याची सावली पडत नाही. पण वाऱ्याने तरंग उठले की हौदाच्या तळाशी उन्हाची लखलखती जाळी हलू लागते. प्रत्येक तरंग भिंगासारखे काम करून ऊन किंचित वळवितो आणि थोड्या अंतरावर ते वळलेले ऊन रेषांच्या रूपाने गोळा होते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉनवर १९९५ साली आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९६ साली क्ष-किरणांनीही असेच घडते हे दाखविले. वस्तूच्या लगेच मागे चित्र न घेता ते काही अंतर सोडून घेतले की पेशीसमूहांच्या कडा उजळ व गडद रेषांनी उठून येतात. मग गणिताने मागे जाऊन मूळ रचना उभी करता येते.

चीनमधील संशोधकांनी, विशेषतः २००९ साली सुरू झालेल्या शांघायच्या सिंक्रोट्रॉनवर, मुद्दाम तंतुमयता उत्पन्न केलेल्या उंदरांची यकृते या रीतीने तपासली आहेत. त्यांत रक्तवाहिन्यांची झाडासारखी पसरलेली जाळी कोणतेही द्रव न भरता दिसते. विकार जसजसा वाढतो तसतशा बारीक फांद्या वेड्यावाकड्या होतात, कोपऱ्यांतील झुबक्यांभोवती दाटी होते आणि तंतूंचे पूल उभे राहतात. हे सर्व एका कापात नव्हे, तर घनाकृतीत दिसते, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. कापामध्ये पडदा रेघेसारखा दिसतो आणि नळी वर्तुळासारखी. कापात वेगळी दिसणारी दोन बेटे खोलवर जोडलेली असू शकतात. कापात पूर्ण बंद दिसणारी गाठ मागच्या बाजूने उघडी असू शकते. पेठेतील बोळ बुजला की वळणापलीकडे मोकळा आहे, हे एका छेदावरून ठरत नाही. ते घनचित्रावरून ठरते.

तंतूंचा आणखी सूक्ष्म माग काढणारी दुसरी एक रीत आहे. क्ष-किरण नियमित मांडणीच्या द्रव्यातून जाताना ठरावीक कोनांत विखुरतात. कोलॅजेनच्या तंतूत सुमारे ६७ नॅनोमीटर अंतरावर एकच मांडणी पुन्हा पुन्हा येते. तिचा ठसा लहान कोनांतील विखुरण्यावर उमटतो आणि त्यावरून तंतू कोठे आहेत व कोणत्या दिशेने विणले आहेत ते कळू शकते. येथे एका भारतीय शास्त्रज्ञाचे स्मरण उचित आहे. कोलॅजेनचा रेणू तीन धाग्यांच्या पिळाचा असतो, ही कल्पना मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासह १९५४ साली मांडली, आणि तिचा आधार क्ष-किरणांचे विखुरणेच होता. ज्या किरणांनी त्या तंतूची घडण उलगडली, त्यांनीच आता तो तंतू रोगट अवयवात शोधला जात आहे.

ग्रेनोबलच्या ८४४ मीटर परिघाच्या यंत्राची २०२० साली पुनर्रचना झाली आणि त्याचे किरण पूर्वीहून फारच तेजस्वी झाले. जीवाश्मांच्या अभ्यासात मुरलेले पॉल ताफोरो आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील त्यांचे सहकारी यांनी २०२१ साली अशी पद्धत प्रसिद्ध केली की दान मिळालेला माणसाचा संपूर्ण अवयव न कापता एकाच वेळी समग्र पाहावा आणि मग त्यातील हव्या त्या जागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास उतरावे. मेंदू, फुप्फुस, हृदय, मूत्रपिंड आणि प्लीहा यांची चित्रे त्यांनी प्रथम दिली. पन्नास हजारावा भाग पाहून उरलेल्याचा तर्क करण्याची सक्ती, निदान प्रयोगशाळेत तरी, यापुढे राहिलेली नाही.

भारतात हे शास्त्र परके नाही. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन चालते. त्याच्या वर्तुळाचा परिघ सुमारे १७२ मीटर आहे आणि त्यावरील एक किरणमार्ग प्रतिमांसाठी राखलेला असून तेथे कलेवर आधारलेली चित्रे व सूक्ष्म छेदचित्रे घेतली जातात. देशातील विद्यापीठांचे संशोधक आपले नमुने घेऊन तेथे जाऊ शकतात. होळकरांच्या या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांतील एखाद्या विद्यार्थ्याला या विषयाची ओढ लागली, तर त्याला त्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नाही.

एवढे ऐकल्यावर श्रोत्यांच्या मनात साहजिक प्रश्न उठेल की ही तपासणी इस्पितळात केव्हा मिळणार? याचे उत्तर संयमानेच दिले पाहिजे. आजवर यकृताची जी अतिसूक्ष्म चित्रे मिळाली, ती शरीराबाहेर काढलेल्या नमुन्यांची वा लहान प्राण्यांची आहेत. अडचण किरणांच्या मात्रेची आहे. घनचित्रातील बारकावा दुप्पट हवा असेल आणि चित्र तितकेच स्वच्छ हवे असेल, तर मात्रा सुमारे सोळापट वाढवावी लागते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत उतरावयाचे तर ती जिवंत माणसाला सोसण्याच्या फार पलीकडे जाते. त्यात यकृत श्वासागणिक वरखाली हलते आणि पोटाच्या जाडीने किरण अडतात. जेथे या अडचणी कमी, तेथे वाट खुली झाली आहे. इटलीत त्रिएस्ते येथील सिंक्रोट्रॉनवर २००६ ते २००९ या काळात स्त्रियांच्या स्तनांची तपासणी कलेच्या आधारे करण्यात आली. म्युनिक येथे नळीच्या साध्या क्ष-किरणांसमोर बारीक जाळ्या ठेवून, विखुरलेल्या किरणांवरून फुप्फुसातील हवेच्या पिशव्यांची मोडतोड रुग्णांत पाहता येते, हे २०२१ साली दिसून आले. फुप्फुसात हवा आणि पेशी यांच्या असंख्य कडा असतात, म्हणून ते जमले. यकृत भरीव आहे; त्याच्या बाबतीत वाट लांबची आहे.

तरीही या ज्ञानाचा लाभ रुग्णाच्या दारापर्यंत आडवाटेने येऊ शकतो. सुईने काढलेला तुकडा कापण्यापूर्वी किरणांखाली ठेवला तर तो अखंड पाहता येतो आणि नंतर नेहमीची तपासणी करण्यासही तो शिल्लक राहतो. कडकपणा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा व रक्ततपासणीचा अंदाज खऱ्या रचनेशी कितपत जुळतो, हे ताडून पाहण्यास घनचित्र ही उत्तम कसोटी आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नव्या औषधांची परीक्षा. चरबीमुळे दाह व वण झालेल्या यकृतासाठी रेस्मेटिरोम या औषधाला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये प्रथमच मान्यता मिळाली. त्याच्या परीक्षेत यश ठरविले गेले ते सुईच्या तुकड्यांवरून आणि त्यांकडे पाहणाऱ्या तज्ज्ञांच्या नजरेवरून. एका श्रेणीचा फरक हा औषधाचा गुण की सुईच्या जागेचा योगायोग, हा संशय अशा प्रत्येक परीक्षेत डोकावतो. तो दूर करण्यासाठी हजारो रुग्णांचे आकडे गोळा करावे लागतात. तुकड्यातील तंतू, वाटा आणि गाठी घनाकृतीत मोजता आल्या, तर वण केवळ पातळ झाला की रक्ताची वाट खरोखर मोकळी झाली, हे वेगळे करून सांगता येईल. औषध घेणाऱ्याच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

शास्त्र आपल्या गतीने पुढे जाईल. दरम्यान यकृत राखण्याचे उपाय साधे आहेत आणि ते आजच हाताशी आहेत. ब प्रकारच्या काविळीविरुद्ध लस आहे व ती नवजात बालकाला जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत देणे हितावह असते. ब आणि क विषाणूंची तपासणी व उपचार विनामूल्य व्हावेत यासाठी भारत सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ सालापासून चालू आहे. पूर्वी कधी रक्त घेतले असेल, अनोळखी ठिकाणी सुया टोचून घेतल्या असतील, किंवा घरात कोणाला असा विकार असेल, तर एकदा रक्त तपासून घेण्यात संकोच नसावा. मधुमेही व स्थूल व्यक्तींनी आपल्या डॉक्टरांना यकृताविषयी आवर्जून विचारावे. मद्य ज्यांना जडले आहे त्यांनी ते सोडल्यास, वण पुष्कळ झाला असला तरी, पुढची हानी थांबते. काविळीवर उतारा म्हणून अज्ञात मुळ्या व काढे घेण्याचा मोह टाळावा. कारण त्यांतील काहींनी यकृतालाच इजा होते.

यकृत दुखत नाही, म्हणून ते ठीक आहे असे समजू नये. त्याच्या आतील वाटा शास्त्रज्ञ आज किरणांनी शोधीत आहेत. त्या वाटा बुजण्यापूर्वी एक साधी रक्ततपासणी करून घेणे हे मात्र प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे.